चांदणं पूर्वेला: ड्यूसबुर्ग तांड्याच्या देखाव्याच्या नोंदी

रविवार, १६ जून

सोसायटीच्या गणपतीत यंदा मागची खोली मला द्यायला कमिटी तयार झाली. विषय ठरला आहे: ८ आणि ९ नोव्हेंबर १९४१ मधली रात्र, जागा आयोनियन समुद्र. इटलीहून लिबियातल्या त्रिपोलीला, जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेसाठी माल घेऊन सात जहाजांचा तांडा निघालेला, भोवती इटालियन विनाशिकांचं कडं, जरा लांबवर दोन जड क्रूझर. माल्टाहून चार ब्रिटिश नौका आल्या आणि तासाभरात सातही जहाजं बुडवून परत गेल्या. त्यातल्या 'ड्यूसबुर्ग' या जर्मन जहाजाच्या नावाने ही लढाई ओळखतात.

मीटिंगमध्ये एका काकांनी विचारलंच, "आरमारच करायचं तर महाराजांचं करा की. हे इटलीचं आपल्याला काय?" प्रश्न चुकीचा नाही. मी एवढंच सांगितलं की ही जहाजं बुडाली ९ नोव्हेंबरला, आणि पुढच्याच महिन्यात लिबियाच्या वाळवंटात बीर एल गुबीला ११ व्या भारतीय ब्रिगेडमधून मराठा लाइट इन्फंट्रीचे आपले लोक लढत होते. समोरच्या तोफखान्याकडे गोळे किती उरले होते, याचा हिशोब या समुद्रातही होता. काका म्हणाले, मग तसं लिहून लावा. लावणार आहे.

नोंदी ठेवतोय त्या पुढे कोणी रात्रीची लढाई करायला घेईल त्याच्यासाठी. दिवसाच्या लढाईच्या देखाव्यात मी तीन वेळा हात भाजून घेतले आहेत. रात्रीची पहिलीच.

शनिवार, २२ जून

यादी केली. ब्रिटिश ४: क्रूझर ऑरोरा आणि पेनेलोपी, विनाशिका लान्स आणि लाइव्हली. मालवाहू ७: ड्यूसबुर्ग, सान मार्को, मारिया, साजित्ता, रिना कोर्रादो, आणि कोंते दि मिसुराता, मिनातित्लान हे दोन टँकर. जवळचं कडं ६: माएस्त्राले, ग्रेकाले, लिबेच्चो, ओरियानी, फुल्मिने, एउरो. लांबचं कडं ६: क्रूझर ट्रिएस्ते आणि त्रेंतो, शिवाय चार विनाशिका. एकूण २३.

विनाशिकांची नावं बघून मजा वाटली. माएस्त्राले, ग्रेकाले, लिबेच्चो, एउरो ही सगळी वाऱ्यांची नावं. आपल्याकडे बोटीला 'मतलई' नाव ठेवावं तसं. फुल्मिने म्हणजे वीज.

जहाजांचं माप १:१२५० धरलं. ऑरोरा प्रत्यक्षात १५४ मीटर, म्हणजे १२३ मिलिमीटर. हातात धरून काम करता येईल असा आकार. सांगाडा बाल्साचा, वरचं बांधकाम कार्डशीटचं, तोफांच्या नळ्या शिवणाच्या सुयांच्या, डोलकाठ्या अगरबत्तीच्या काड्या तासून.

रविवार, ७ जुलै

दोन आठवडे ट्रिएस्तेवर गेले. १९७ मीटरची क्रूझर, ८ इंची तोफांचे चार जोड-बुरूज, पुढे तिपायी डोलकाठी. तिपायीचे पाय चार वेळा मोडले. पाचव्यांदा सुई वापरली तेव्हा टिकले. त्रेंतो तिची जुळी बहीण, ती पाच दिवसांत झाली. दोन्ही छान दिसतात. शोकेसमध्ये ठेवल्या, बायकोने फोटो काढले.

हे वाक्य पुढे वाचताना लक्षात ठेवा.

रविवार, १४ जुलै

आज जमिनीवर खडूने समुद्र आखला आणि सगळं अडलं.

ऑरोराने पहिला गोळा टाकला तेव्हा अंतर साधारण ५ किलोमीटर. १:१२५० ने ते होतं ४ मीटर. माझी खोली सव्वातीन मीटर. जहाजं १:५००० ने करावीत तर ऑरोरा ३१ मिलिमीटरची, सुईची तोफ तिच्यावर म्हणजे उंदरावर अंबारी. शेवटी जहाजं १:१२५० आणि अंतरं १:५००० असा दुटप्पी कारभार ठरवला. ५ किलोमीटर म्हणजे १ मीटर. प्लायचा तळ ४ बाय ३ फूट, वर बंद खोकं, आत बघायला भिंतींत झरोके.

दिवसभर मनात खुटखुटत होतं की ही लबाडी आहे. रात्री कागदावर मांडलं. खऱ्या समुद्रात ५ किलोमीटरवरची ऑरोरा डोळ्याला पावणेदोन अंश भरेल. माझ्या खोक्यात १ मीटरवर ती ७ अंश भरते. बरोबर चौपट. म्हणजे माझा प्रेक्षक चार पटीच्या दुर्बिणीतून बघतोय. त्या रात्री जहाजाच्या पुलावर, म्हणजे कप्तान उभा राहतो त्या उंच जागी, असलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण होतीच. तेव्हा लबाडी नाही, दुर्बीण. झोप लागली.

आणखी एक. ट्रिएस्ते आणि त्रेंतो तांड्याच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूला, काही किलोमीटरवर होत्या. खडूच्या नकाशात त्या तळाच्या बाहेर, कपाटाच्या पायाशी आल्या. तीन आठवडे. तुम्ही करणार असाल तर आधी खडू, मग बाल्सा.

गुरुवार, १८ जुलै

तळ फुगला. प्लायवर फेविकॉलपाण्यात टिश्यू पेपर चिकटवून लाटा केल्या होत्या. पद्धत चांगली आहे, पण मी एकाच अंगाला केलं आणि बाहेर पाच दिवस संततधार. सकाळी बघतो तर समुद्र मधोमध पाऊण इंच वर आलेला. इस्त्री, विटा, दोन दिवस. शेवटी उलटा करून मागच्या अंगालाही तसाच कागद आणि फेविकॉल दिला, तेव्हा ओढ सारखी झाली आणि तळ सरळ बसला. पावसाळ्यात दोन्ही अंगांना एकाच दिवशी द्या.

रविवार, २१ जुलै

चंद्र.

पहिला प्रयत्न सांगायची लाज वाटते. पांढऱ्या प्लास्टिकची गोल चकती कापून मागे पिवळा एलईडी लावला आणि पूर्वेच्या भिंतीवर टांगली. लेक नववीत आहे. ती म्हणाली, "बाबा, दूध आटवू का? कोजागिरी दिसतेय."

त्या रात्रीचा चंद्र पूर्ण नव्हताच. १९४१ ची त्रिपुरी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते. असा उतरता चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि एक वाजता पूर्वेच्या आकाशात असतो. ब्रिटिश तुकडीचा प्रमुख कॅप्टन विल्यम अ‍ॅग्न्यू याने तांडा दिसल्यावर घाईने तोफा डागल्या नाहीत. आधी अशी जागा घेतली की तांडा त्याच्या आणि चंद्राच्या मधे येईल. त्यात वेळ गेला, तो त्याने जाऊ दिला. इटालियनांकडे रडार नव्हतं, ऑरोरावर होतं. पण नेम धरणाऱ्याला डोळ्यांनी दिसलेलंही हवं असतं.

मी २३ बोटींची यादी केली तेव्हा चंद्र त्यात नव्हता. आता तो पहिल्या नंबरवर घातला. खोक्याची दिशा, झरोके, बोटींची तोंडं, सगळं पूर्वेच्या भिंतीपासून मोजायचं.

दुसरा प्रयत्न: चंद्र दाखवायचाच नाही. पूर्वेच्या भिंतीच्या वरच्या कडेला १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी, पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक, त्याच्या पुढे काळ्या कार्डशीटची पडदी. दिवा दिसत नाही. भिंतीचा खालचा भाग आणि पाणी उजळतं.

अ‍ॅक्रिलिक फेविक्विकने चिकटवू नका. वाफेने कडेला पांढरे डाग पडतात. स्क्रू मारा.

रविवार, २८ जुलै

तळावर खोकं चढवलं. पश्चिमेच्या भिंतीला झरोका १, ऑरोराच्या मागे. बघणारा तांड्याकडे पूर्वेला बघेल.

झरोका तळापासून ६ सेंटिमीटरवर कापला. जहाजं दिसली, पण विमानातून दिसतात तशी. प्रत्येक जहाजाच्या मागे पाणीच. काळं काळ्यावर. सावली कुठेच उठत नाही. मग हिशोब केला: ऑरोराचा पूल पाण्यापासून १५ मीटर धरला तर खोक्यात १२ मिलिमीटर! झरोक्याची खालची कड तिथवर नेली, खोकं टेबलाच्या अगदी काठाला सरकवलं, म्हणजे माणसाची हनुवटी टेबलाच्या खाली जाऊ शकते.

डोळा लावला आणि मी दोन मिनिटं काही बोललो नाही. सात जहाजं क्षितिजावर कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. डोलकाठ्या, धुराडी, टँकरचा मागे सरकलेला पूल, सगळं सुटं मोजता येतं. बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही तर उघड्यावर बसलीयेत."

रविवार, ४ ऑगस्ट

तिच्या वाक्यामुळे झरोका २ आला. पूर्वेच्या भिंतीत, चंद्राच्या पट्टीच्या खाली, ड्यूसबुर्गच्या मागे. इथून बघणारा पश्चिमेला बघेल, म्हणजे तांड्यावरून येणाऱ्याकडे. दिसलं पाहिजे काहीच नाही.

पण दिसलं सगळं! चार ब्रिटिश बोटी लग्नातल्या स्टेजसारख्या चमकत होत्या. चंद्र आता बघणाऱ्याच्या पाठीशी आहे, त्याचा उजेड थेट त्यांच्यावर पडतो. मी रंगावर चमकदार व्हार्निश मारलं होतं, शोकेसमध्ये शोभतं म्हणून. जूनमध्ये मेहुण्याला मी ठणकावून सांगितलं होतं की रात्रीच्या देखाव्यात रंगाचं काय, कोण बघतंय. रंगाचंच सगळं आहे.

दुरुस्ती, तीन रविवारांची:

व्हार्निश ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून काढलं. नाजूक जागी निघालं नाही, तिथे मॅट राखाडीचे दोन हात मारले. पश्चिमेची भिंत काळ्या मखमलीने मढवली. साधा काळा रंग उजेड परत फेकतो, मखमल गिळते. आणि पट्टीचा उजेड कमी केला, जवळपास पाचव्या हिश्श्यावर. झरोका १ मधून सावल्या तशाच राहिल्या, झरोका २ मधून बोटी गेल्या. डोळे ताणून बघितलं तर लाइव्हलीच्या धुराड्याची कड जाणवते. ती ठेवली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. ओळ दुरुस्त केली. मी ऑरोरा, पेनेलोपी, लान्स, लाइव्हली अशी लावली होती, मोठ्या पुढे लहान मागे. खरा क्रम ऑरोरा, लान्स, पेनेलोपी, लाइव्हली. एकामागे एक, एकच रांग. अ‍ॅग्न्यूची रीत साधी होती: सगळे एका ओळीत राहायचे, म्हणजे ओळीबाहेर जे काही दिसेल ते शत्रूचं. अंधारात ओळख पटवत बसायला नको, दिव्याचे इशारे नकोत.

दुसऱ्या बाजूला उलटं. सात मालवाहू, सहा विनाशिका, लांब सहा आणखी. कोण कुठे आहे ते सगळ्यांना पाठ असलं तरच चालणारी रचना.

लेबलं छापून आणली. छापणाऱ्याने 'ऑरोरा'चं 'अरोरा' केलं. मेहुण्याने विचारलं, हे पंजाबी कोण? परत छापली, ६० रुपये.

शनिवार, १७ ऑगस्ट

वीज. तोफांच्या चमकेसाठी ०.७५ मिलिमीटरची ऑप्टिकल फायबर, तळाखालून भोक पाडून सुईच्या टोकाशी आणली. प्रत्येक बुरुजाला एक. खाली ३ मिलिमीटरचे एलईडी, प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर. जळणाऱ्या जहाजांना धुराड्याखाली केशरी एलईडी आणि वर कापूस, काळ्या स्प्रेने भुरकवलेला.

चुका क्रमाने. फायबर गरम सोल्डरिंग गनच्या शेजारून ओढली, वितळून गाठ झाली, पूर्ण गुंडी वाया, ४५० रुपये. दिव्यांची उघडझाप करणारा छोटा बोर्ड म्हणजे अर्डुइनो नॅनो; १२ व्होल्टची तार त्या नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला लावली, वास आला, २८० रुपये. आता पट्टीला वेगळा अडॅप्टर, नॅनोला मोबाइलचा चार्जर, आणि दोन्हीची ऋण तार एकत्र. पट्टी ट्रान्झिस्टरमधून चालते, थेट पिनेवरून नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

प्रोग्राम लेकीने लिहिला. पहिल्या चाचणीत ऑरोराने तोफ डागली की बाकीचं सगळं जग थांबायचं. आग धगधगायची थांबे, पेनेलोपी वाट बघे. कारण तिने 'डिले' वापरला होता, नॅनो तेवढा वेळ झोपतो. 'मिलिस'वर वेळ मोजायला लावलं, तेव्हा सगळे आपापल्या तालावर चालू झाले. पिना पुरेनात म्हणून ७४एचसी५९५ चे दोन चिप घेतले.

चमक सुरुवातीला अर्धा सेकंद ठेवली होती. दिवाळीची माळ दिसत होती. कमी करत करत ६० मिलिसेकंदांवर आणली. डोळा मिटायच्या आत संपली पाहिजे. माझ्या मते अख्ख्या देखाव्यात सर्वांत स्वस्तात मिळालेली सुधारणा ही.

क्रम असा बसवला. बारा सेकंद काहीच नाही. मग ऑरोरा, ग्रेकालेवर. ऑरोराची पहिली फैरच ग्रेकालेला लागली होती, म्हणून प्रतीक्षा नाही, लगेच केशरी. पेनेलोपी माएस्त्रालेवर. लान्स मालवाहूंवर. फुल्मिने पुढे सरसावते आणि काही मिनिटांत उलटते, तिचा कप्तान मारियो मिलानो बोटीबरोबर गेला. मग एकामागे एक मालवाहू पेटत जातात, शेवटी टँकर. खऱ्या तासाभराची साडेतीन मिनिटं.

मालवाहूंची तोंडं मी पांगलेली, वेडीवाकडी लावली होती, पळापळ दाखवायला. परत सरळ केली. ती पांगलीच नाहीत. दोन रांगांत, ९ नॉटच्या चालीने, होती तशी जात राहिली.

रविवार, २५ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस एउरोवर. ही एकच बोट मी दोनदा केली, आणि ट्रिएस्तेसारखं वाईट वाटलं नाही.

एउरोचा कप्तान जुझेप्पे चिगाला फुल्गोझी. भित्रा माणूस नव्हे. सहाच महिन्यांपूर्वी, मे १९४१ मध्ये, क्रीटजवळ साजित्तारियो या लहानशा टॉर्पेडो बोटीवरून तो दिवसाउजेडी ब्रिटिश क्रूझरांच्या अंगावर गेला होता. या रात्रीही तो वळला आणि चालून गेला. जवळजवळ २ किलोमीटरपर्यंत आला. टॉर्पेडो तयार. समोर अंधारात मोठ्या बोटींची रांग. आणि त्याला वाटलं, या आपल्याच, ट्रिएस्ते आणि त्रेंतो, मदतीला आलेल्या. टॉर्पेडो सुटले नाहीत.

मग ब्रिटिश तोफांचे गोळे एउरोला लागले. तिचा पत्रा इतका पातळ की गोळे न फुटता या अंगाने शिरून त्या अंगाने निघून गेले. त्यामुळे बोट वाचली, आतली माणसं मात्र मेली.

माएस्त्रालेवर कडं सांभाळणारा कॅप्टन बिशानी होता. त्याच्या बोटीची वायरलेसची तार सुरुवातीलाच तुटली. विचारायचं कोणाला आणि सांगायचं कोणी, हा प्रश्न त्या रात्री इटालियन बाजूच्या प्रत्येक पुलावर होता.

खोक्यात २ किलोमीटर म्हणजे ४० सेंटिमीटर. एउरो ऑरोराकडे नाक करून ठेवली. झरोका १ मधून ती नुसती एक उभी काळी रेघ, चमक झाली की क्षणभर पुढचा भाग दिसतो. झरोका २ मधून तिची पाठ. तिच्या दोन्ही अंगांना सुईने भोकं पाडली, आरपार, समोरासमोर. कोणालाही दिसणार नाहीत. मला माहीत आहेत.

ट्रिएस्ते आणि त्रेंतो खोक्याबाहेरच. पण त्यांनी तोफा डागल्या होत्या, नेम लागला नाही, हे कुठेतरी यायला हवं होतं. उत्तरेच्या भिंतीत दोन फायबर टोचल्या, अधूनमधून चमकतात. तीन आठवड्यांच्या मेहनतीच्या जागी दोन ठिपके. तमाशाचा अनुभव असणाऱ्याला कळेल, मेकअप करून विंगेत उभं राहणं.

रविवार, १ सप्टेंबर

तालीम. शेजारच्या चौघांना बोलावलं. दोन झरोके, दोन माणसं. झरोका २ च्या माणसाच्या मागे ट्यूबलाइट होती, तिचा उजेड भोकातून आत आला आणि झरोका १ वाल्याला आयोनियन समुद्रात दीपगृह दिसलं. दोन्हीकडे काळ्या कापडाचे बुरखे शिवले, जुन्या फोटोवाल्यांसारखे. गळ्यापर्यंत डोकं आत. मुलांना हा भाग फारच आवडला.

भिंतीवर लावायचा मजकूर कमी केला. राहिलं ते एवढं: माल्टाच्या मेरीलँड विमानाने ८ तारखेला दुपारी तांडा बघितला, संध्याकाळी चार नौका निघाल्या, रात्री एकच्या सुमारास पहिली फैर. ब्रिटिश बाजूला एकही मृत्यू नाही, लाइव्हलीच्या धुराड्याला किरकोळ चिरा. तळाशी गेलेल्या मालात ३४ हजार टन सामान, १७ हजार टन इंधन आणि ३८९ गाड्या. काकांसाठी बीर एल गुबीची ओळ, ठळक अक्षरात. आणि एक ओळ मी माझ्यासाठी घातली: याच ब्रिटिश तुकडीच्या नौका सव्वा महिन्यात, १९ डिसेंबरला, त्रिपोलीसमोर सुरुंगांत सापडल्या. त्या रात्री त्यांच्याबरोबर असलेल्या 'नेपच्यून' क्रूझरवरचा फक्त एक माणूस वाचला.

सोमवार, ९ सप्टेंबर

गणपतीचा तिसरा दिवस. रांग लागते, पण फक्त झरोका १ ला.

झरोका २ मधून डोकं काढून लोक मला येऊन सांगतात, "तुमचा त्या बाजूचा बल्ब गेलाय." काल नऊ जण, आज आत्तापर्यंत सहा. एका सद्गृहस्थांनी स्वतःहून प्लग काढून परत लावला, त्यात नॅनो रीसेट होऊन दुसऱ्या बाजूच्या माणसाची लढाई सुरुवातीपासून चालू झाली. प्लगवर चिकटपट्टी मारली. "दिवे चालू आहेत, बारा सेकंद थांबा" अशी पाटी लावली. तरी विचारतात.

बारा सेकंद लांब आहेत का? लेक म्हणते सहा कर. मी दोन्ही करून बघितलं. सहा सेकंदांत माणूस अजून बुरखा नीट करत असतो, पहिली फैर त्याची चुकते. बारा ठेवले.

काका दोन्हीकडून बघून गेले. झरोका २ ला बराच वेळ होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना वाटलं काय असेल?" मी म्हटलं, काहींना वाटलं विमानं आली. काका आकाशाकडे बघितल्यासारखं छताकडे बघून गेले.

बुधवार, १८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज खोकं उतरवलं.

खर्च एकूण ७,४२० रुपये. सर्वांत मोठा प्लाय आणि कापाई, २,१५०. वाया गेलेलं सगळं मिळून ११०० च्या आसपास: फायबरची गुंडी, एक नॅनो, व्हार्निश, कोजागिरीचा चंद्र. वेळ तीन महिने, रोज रात्री दीडेक तास. परत केलं तर सहा आठवड्यांत होईल, कारण सहा बोटी कमी कराव्या लागतील.

मोडतोड: एउरोची फायबर तळाशी तुटली, कुणीतरी खोकं ओढलं असावं. कापूस दमट होऊन बसला, दरवर्षी नवा घालावा लागेल. मखमल उत्तम, एकही डाग नाही. दोन्ही चार्जर गरम होत होते, पुढच्या वेळी मागे जाळी कापायची.

लिबेच्चो वेगळी काढून शोकेसमध्ये ट्रिएस्तेच्या शेजारी ठेवली आहे. ती रात्रीतून वाचली. पहाटे पाण्यातली माणसं उचलत असताना ब्रिटिश पाणबुडी 'अपहोल्डर'ने तिला टॉर्पेडो मारला, मागचा भाग गेला. एउरोने, भोकं पडलेल्या त्याच एउरोने, तिला ओढून न्यायचा प्रयत्न केला. ओढता ओढता ती बुडाली. हा प्रसंग करायचा आहे. सकाळचा आहे, दिवे लागणार नाहीत. पण पाण्यातली माणसं १:१२५० मध्ये दीड मिलिमीटरचीसुद्धा होत नाहीत, आणि तीळ ठेवून बघितले तर तीळच दिसतात.